उजवीकडचा खिसा

सेलूच्या बाजारात आमच्या गल्लीतला पुरुष ओळखणं अगदी सोपं आहे. त्याच्या शर्टाचा खिसा उजवीकडं असतो. डावीकडं, जिथं जगातल्या सगळ्या शिंप्यांनी एकमतानं खिसा ठेवलाय, तिथं आमच्या छातीवर नुसता एक चौकोन असतो, बाकी शर्टाहून जरा गडद. इथं पूर्वी खिसा होता, एवढं सांगण्यापलीकडं त्या चौकोनाचा काही उपयोग नाही. बँकेच्या रांगेत, धान्याच्या मोंढ्यात, स्टेशनवर अनोळखी माणूस आधी आमच्या छातीकडं बघतो, मग तोंडाकडं बघतो आणि विचारतो, "वच्छलाकाकूंच्या गल्लीतले काय तुमी?" आम्ही हो म्हणतो. पुरावा छातीवरच असल्यावर नाही कसं म्हणणार?

वच्छलाकाकू आमच्या समोर राहतात. नव्वदीला टेकल्यात. मूर्ती लहान, नऊवारी लुगडं, चष्म्याची एक काडी मोडलेली आणि तिच्या जागी कानाला अडकवलेला काळा दोरा. ओट्यावर पोतं अंथरून हातानं फिरवायची शिवणाची मशीन मांडलेली असते. ऊन ओट्यावर आलं की काकू येतात आणि दिवेलागणीला आत जातात. मधल्या वेळात गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्याची तपासणी होते. पाया पडायला वाकलात तर तोंडानं आशीर्वाद मिळतो, पण हात डोक्यावर येत नाही. तो शर्टाचं टोक चिमटीत धरून कापड चोळत असतो. शिवण उलटी करून आत किती कापड दाबलंय तेही बघून होतं. मग निकाल लागतो. "अजून दोन वर्सं घाल. मग मला आणून दे."

"कापड दमलंय, मेलं न्हाई," हे काकूंचं ठरलेलं वाक्य. शर्ट दमला की त्याची पिशवी होते. लुगडं दमलं की गोधडी होते, आणि गोधडी दमली की पायपुसणं. पायपुसणं दमल्यावर काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "पायपुसणं दमत न्हाई."

त्यांचा या जगात एकच शत्रू आहे, आणि तो म्हणजे जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी भांडेवाली. तिची आरोळी गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की काकू मशीन थांबवून उभ्या राहतात. आमच्या सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा माझे जुने शर्ट तिच्या पुढ्यात टाकले. काकू ओट्यावरून उतरल्या, आल्या आणि शर्ट उचलून काखेत मारले. "जित्ता शर्ट देऊन वाटी घेतीस व्हय गं? उद्या नवऱ्याच्या अंगात वाटी घालशील का?" भांडेवाली वाटी घेऊन गेली आणि माझे शर्ट काकूंच्या घरात गेले. आठ-पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा विरलेली कॉलर उलटवून पुन्हा लावलेली होती, कोपराला शर्टाच्याच शेपटाचं ठिगळ होतं, आणि खिसा डावीकडून निघून उजवीकडं जाऊन बसला होता. असे शर्ट घालावेच लागतात. काकू समोरच बसलेल्या असतात आणि त्यांचं लक्ष असतं.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो. वह्या तपासताना लाल पेनासाठी हात आपोआप डाव्या छातीकडं जातो आणि चौकोनावर आपटतो. पोरं हसतात. त्याचं मला काही वाटत नाही, शाळेत तेवढी तरी करमणूक हवी. पण हीच गंमत मी गल्लीत केली, भाजीवाल्याला फोनवरून पैसे द्यायला मोबाईल डावीकडं शोधला, की काकू मशीन थांबवतात, माझ्याकडं टक लावून बघतात आणि पदर तोंडाला लावून हसतात. आवाज नाही, नुसते खांदे हलतात. मग म्हणतात, "तिकडं न्हाई, इकडं." आणि दांडा जोरात फिरवायला लागतात. स्वतःच खिसा हलवायचा आणि वर दुसऱ्याच्या फजितीला हसायचं, हे मला बरेच दिवस बरं वाटत नव्हतं.

हा खिसा उजवीकडं का, यावर गल्लीत पुष्कळ खल झालेला आहे. त्यातल्या त्यात पटण्यासारखा तर्क माझाच होता. काकू वाढल्या ताडकळसला, निजामाच्या अमदानीत, आणि मोठी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, चालू होती तेव्हा त्या परकरातल्या पोर होत्या. कापड कंट्रोलवर मिळायचं, म्हणजे मिळायचंच नाही. त्या दिवसांत कोट किंवा शेरवानी विटली की फेकत नसत. सगळी शिवण उसवायची, कापड उलटं करायचं, आणि आतली न विटलेली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचं. कपडा नवा दिसायचा, फक्त उलटवल्यामुळं डावीकडचा खिसा उजवीकडं यायचा. तेव्हा उजवीकडं खिसा दिसला की लोक काय ते समजून जायचे आणि कुणी काही बोलायचं नाही, कारण ज्याच्या त्याच्या घरी तेच होतं. काकूंचा हात त्याच वळणावर पडला असणार, असं माझं म्हणणं होतं. पण ते पुरतं जुळत नव्हतं. शर्ट काही कुणी उलटवत नाही, आणि खिसा मुद्दाम उसवून पलीकडं लावण्यात कापड वाचत नाही, उलट दोरा जातो. आणि दोरा म्हणजे काकूंचा जीव. उसवलेला दोरासुद्धा त्या ज्वारीच्या धाटाच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवतात.

कंट्रोलच्या गोष्टी मात्र त्यांच्या तोंडून ऐकाव्यात. एकदा म्हणे ताडकळसच्या दुकानात एकाच निळ्या पट्ट्याच्या कापडाचे तागे आले. ते ज्यांना मिळालं त्यांनी घेतलं, आणि त्या वर्षी निम्मं गाव निळ्या पट्ट्यात हिंडलं. सदरे निळ्या पट्ट्याचे, परकर निळ्या पट्ट्याचे, पाटलांच्या बैठकीतली उशी निळ्या पट्ट्याची. आठवडी बाजारात काकूंच्या आईनं एका पोरीचं बखोट धरून तिला घरापर्यंत ओढत आणलं, आणि दारात येऊन बघते तर पोरगी शेजारच्या आळीतली. "अन् तू कुठं होतीस काकू?" असं विचारलं तर सांगतात, "मला त्या पोरीच्या आईनं नेलं होतं. जेवू घातलं की तिनं. पुरणपोळी होती, मग मी कशाला बोलू?"

त्या काळानं काकूंना जी सवय लावली ती काही सुटली नाही. दोन निवडणुकांमागं एक उमेदवार हात जोडून ओट्यापाशी आला. काकूंनी त्याच्या झब्ब्याचं टोक धरलं, शिवण बघितली आणि त्याच्या सगळ्या माणसांदेखत सांगितलं, "निवडून आलास की तू नवे शिवशील. हा मला आणून दे, ह्याच्यात दोन लेकरांचे झबले निघतेत." तो पडला. झब्बा आला नाही, ही हळहळ काकूंना अजून आहे. गणपती मंडळानं एकदा फाटलेली कनात जपून ठेवायला म्हणून त्यांच्याकडं दिली होती. पुढच्या वर्षी कार्यकर्ते मागायला गेले तर काकूंनी शांतपणे सांगितलं की ती वाटून झाली. गल्लीतल्या बहुतेक बायकांच्या साडीखाली तिचे परकर झाले होते. मंडळाची बैठक बसली, पण पुढं काय करायचं ते कुणालाच सुचेना. कनात परत मागणं सोपं होतं, ओळख पटवणं अवघड होतं. शेवटी वर्गणी काढून नवी घेतली.

या सगळ्यात नानांविषयी सांगायचं राहिलं. नाना म्हणजे काकूंचे यजमान. जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. मितभाषी, सडपातळ माणूस, आणि स्मरणशक्ती अशी की कुठल्या गावची कुठली गाडी कुठल्या हंगामात ओला कापूस घेऊन आली होती ते विचारा, सांगतील. ते होते तोवर उजवीकडचा खिसा फक्त त्यांच्या शर्टाला होता. ही लागण गल्लीला झाली ती नाना गेल्यावर. रोज सकाळी कामावर निघताना ते पायरीवर थांबायचे, पेनासाठी डाव्या छातीवर चाचपायचे, "गेलं कुठं?" म्हणायचे. काकू मान वर न करता म्हणायच्या, "तिकडं न्हाई, इकडं." "अरे हो," म्हणून नाना उजवीकडचं पेन बघून घ्यायचे आणि चालू लागायचे. मी लहानपणापासून हे बघत आलो. एवढा हिशेबी माणूस स्वतःचा खिसा कसा विसरतो, याचं घरोघरी नवल व्हायचं.

मागच्या दिवाळीनंतर काकूंच्या नातवाचं लग्न ठरलं. नातू निखिल, पुण्यात कंपनीत आहे. मुलगीही तिथलीच, ऋतुजा नावाची. तारीख थंडीतली निघाली. आणि काकूंनी माळ्यावरची पेटी उतरवून घेतली, तिच्यातून कापूर आणि कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेला एक काळा लोकरी कोट काढला आणि जाहीर केलं की निखिल लग्नाच्या रात्री हा कोट घालील. मूळची ती काकूंच्या सासऱ्यांची शेरवानी. ते कचेरीत कारकून होते. कंट्रोलच्या दिवसांत काकूंच्या सासूबाईंनी ती उलटवली आणि आखूड करून तिचा कोट केला. पुढं तो नानांनी वापरला. "ह्यो कोट निखिलच्या अंगावर बघते, अन् मग मशिनीला झाकण घालते," असं काकूंनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली. हातही थरथरायला लागले होते, एका डोळ्याला नीट दिसत नव्हतं. हा शेवटचा कपडा, असं त्यांनी मनाशी धरलंय हे सगळ्यांना कळलं.

काकूंच्या सूनबाई, शैलावहिनी, हवालदिल झाल्या. निखिलनं लग्नासाठी कपडे आधीच ठरवून ठेवले होते, मुलीकडची मंडळी नीटनेटकी, आणि त्यात हा उजव्या खिशाचा कोट. वहिनींनी मला मध्यस्थी करायला पाठवलं. मी ओट्यावर जाऊन बसलो आणि फार धोरणानं विषय काढला. कोटाची ही बाजू आता विटलीय, मी म्हणालो, तर पुन्हा एकदा उलटवून घ्यावा, म्हणजे खिसाही आपोआप डावीकडं जाईल. तमाम गल्लीच्या कॉलरी उलटवणाऱ्या काकूंनी कात्री खाली ठेवली. त्यांना माझ्यावर रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "विलास, ह्यो कोट उलटवायचा न्हाई," एवढंच म्हणाल्या. मग मी पुढचे पुष्कळ दिवस शाळा सुटल्यावर त्यांच्या सुईत दोरा ओवून देत होतो. आमच्या मध्यस्थीचं हे असं होतं.

काकूंनी नवं अस्तर घातलं, तेही नानांच्या धोतराचं. बटणं बरणीतून एकसारखी शोधून काढली. काज हातानं केले. काज करायला बसल्या की कुणी बोललेलं चालायचं नाही. आणि एका रविवारी निखिल आणि ऋतुजा देवीला पत्रिका ठेवायला म्हणून आले. निखिल गुणी पोरगा. पुण्याहून निघतानाच त्यानं ठरवलं होतं की आजीचं मन मोडायचं नाही, घालायचा कोट. आम्ही सगळे ओट्यावर जमलो होतो.

पण निखिल रोज व्यायामशाळेत जाणारा, आणि नाना म्हणजे काडी. एक हात कसाबसा गेला, दुसरा कोपरापाशी अडला. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या आणि समोरची बटणं आणि काज यांची भेट होईना. निखिलनं श्वास रोखून धरला. काकूंनी कोट काढून घेतला आणि शिवणी चाचपायला सुरुवात केली. काखेतली, पाठीची, बाहीची. दाबलेलं कापड कुठंतरी असतंच, ते सोडायचं आणि कपडा मोठा करायचा, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. पण सासूबाईंनी शेरवानीचा कोट करताना जे होतं ते वापरलं होतं, आणि राहिलेलं नानांचं पोट थोडं सुटलं तेव्हा काकूंनीच. त्यांची बोटं सगळ्या शिवणींवरून एकदा फिरली आणि पुन्हा पहिल्यापासून फिरली. मग थांबली.

"निघत न्हाई," काकू म्हणाल्या.

हे शब्द त्या ओट्यावर आम्ही कधी ऐकले नव्हते. कोटाची घडी घालत त्या म्हणाल्या, "राहू दे लेकरा. दमलं कापड." ठरलेल्या वाक्यातलं पुढचं त्यांनी म्हटलं नाही. ते त्यांनी म्हणावं असं मला फार वाटत होतं. इतके दिवस कोटाच्या नावानं धसका घेतलेल्या शैलावहिनींनीच डोळ्याला पदर लावला.

ऋतुजा पायरीवर बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "आजी, मी घालून बघू?" काकूंनी कोट तिच्या हातात दिला. तिनं घडी मोडली आणि कोट अंगात चढवला. खांद्यावर तो असा बसला की जणू मापानंच शिवलाय. बाह्या मनगटाशी येऊन थांबल्या. तिनं स्वतःचा फोटो काढायचं ठरवलं, हातातला रुमाल खिशात ठेवायला म्हणून हात डाव्या छातीकडं नेला. खिसा नव्हता. तिनं पुन्हा चाचपलं, मान वाकवून बघितलं, आणि गोंधळून आमच्याकडं पाहिलं.

काकू हसायला लागल्या. या खेपेला पदर तोंडाला लावला नाही. चांगल्या आवाज करून हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "तिकडं न्हाई, इकडं," म्हणाल्या. मग ऋतुजाला जवळ बसवून घेतलं आणि आमच्यापैकी कुणालाही कधी न सांगितलेलं तिला सांगितलं.

"मला बघायला आले तवा ह्याच कोटात होते गं. चैताचं ऊन, अन् अंगात लोकरीचा कोट. सासऱ्याचा. त्या दिवशी पहिल्यांदाच घातलेला, पेन बी सासऱ्यानंच खिशात ठेवलेलं. माझे मामा म्हणाले, पोरीला नाव लिहून दाखवू द्या, पेन द्या. यांनी हात घातला तो तिकडं, डावीकडं. पुन्हा घातला. पेन गेलं कुठं म्हणून घाबरून उभेच राहिले. सगळे गप. मला कळलं होतं ना उलटवलेला कोट हाय म्हणून. मी हसले. आई मागून चिमटे काढायली अन् मी हसायले. त्यांनी बघितलं माझ्याकडं, अन् त्यांना बी हसू आलं. तितं सगळ्यांनी आमाला रागं भरलं. पण तवाच ठरलं समदं."

ऋतुजानं विचारलं, मग आजोबांना शेवटपर्यंत सवय झालीच नाही का?

"सवय तर लग्नाच्या वर्षीच झाली," काकू म्हणाल्या. "मला काय म्हाईत न्हाई? चाचपायचे ते मला हसवायला. ते गेले, अन् घर गपगार झालं बघ. म्हणून मग ह्यांचे सगळ्यांचे खिसे इकडं घेतले. दिवसातनं कुणी ना कुणी चुकतंच. तेवढ्यापुरते ते दिसतेत."

मी माझ्या छातीवरच्या चौकोनाकडं बघितलं. लहानपणापासून रोज सकाळी समोरच्या पायरीवर जे चाललं होतं ते मला त्या दिवशी दिसलं, आणि फार बरं वाटलं.

लग्नाच्या रात्री कडाक्याची थंडी होती. ऋतुजा शालूवर तो कोट घालून पाहुण्यांत फिरली. तिच्या मावश्यांनी कोट हाताळून बघितला आणि कुठून शिवून घेतला म्हणून विचारलं, तर तिनं पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या काकूंकडं बोट दाखवलं. मावश्या तिथं गेल्या. जाताना आशीर्वाद घेऊन गेल्या आणि पदराचा काठ किती दिवस टिकेल तेही ऐकून गेल्या.

ठरल्याप्रमाणं काकूंनी मशिनीला झाकण घातलं. ते काही दिवस टिकलं. मग झाकणाचं कापड मऊ आहे, त्याचं टोपरं चांगलं होईल, घरात लागेलच कधीतरी, असं त्यांच्या लक्षात आलं आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

मला आता उजव्या खिशाची पूर्ण सवय झालीय. वर्गात हात बरोबर जागी जातो, पोरांची करमणूक बंद झालीय. पण सकाळी शाळेला निघालो की मी काकूंच्या ओट्यासमोर थांबतो. डाव्या छातीवर चाचपतो. पुन्हा एकदा चाचपतो, इकडंतिकडं बघतो आणि जरा मोठ्यानं म्हणतो, "गेलं कुठं?"

मशीन थांबते.